लेआबाईंचे देवदूत

लेआबाई झिराडकरांना देवदूतांच्या पंखांचा भारी राग होता. आमच्या शाळेत प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक मोठं विलायती चित्र टांगलेलं असे. सोनेरी केसांचे, गुबगुबीत गालांचे चार देवदूत ढगावर बसून वाद्यं वाजवताहेत आणि प्रत्येकाच्या पाठीला दोन पांढरेशुभ्र पंख. रोज सकाळी त्या चित्राखालून जाताना लेआबाई मान वर करीत आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणत, "बदकं." मी शाळेत नवी होते आणि रांगेत नेमकी त्यांच्या मागे उभी असायची. प्रार्थनेत हसू दाबताना माझी पुरेवाट होई.

शाळा मिशनची, मुलींची, जबलपूरच्या सदर बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मी गणित शिकवत असे. आमचं घराणं मूळ अमरावतीकडचं. वडील मध्यप्रांत सरकारच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. लेआबाई बायबलातला जुना करार शिकवीत. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. शाळेत आम्ही सगळ्या एकमेकींना 'बाई' म्हणत असू, पण त्यांनी पहिल्याच दिवशी मला 'सुमती' म्हटलं आणि अगंतुगं सुरू केलं. मी त्यांना शेवटपर्यंत अहोजाहोच करीत राहिले.

मिशनच्या शाळेत धर्मशास्त्र शिकवणारी बाई ख्रिस्ती असायची. लेआबाई ख्रिस्ती नव्हत्या. त्या यहुदी, कोकणातल्या बेने इस्राएल. कुलाब्याकडे त्यांना, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून, शनवार तेली म्हणतात, पण जबलपुरात ते कोण जाणणार? दूधवाला त्यांना ईसाई समजे, भाजीवाली मुसलमान समजे आणि माझी आजी सोयीप्रमाणे कधी हे, कधी ते समजे. कपबशी मात्र त्यांना नेहमी वेगळी देई. लेआबाईंच्या ते पहिल्या खेपेलाच लक्षात आलं होतं. चहा झाला की त्या स्वतः उठून ती कपबशी विसळीत आणि खिडकीत पालथी घालून येत. मला फार लाज वाटे, पण आजीला सांगायची माझी छाती नव्हती.

त्यांना नोकरीवर ठेवलं होतं ते आमच्या मोठ्या मिससाहेबांनी. जुन्या कराराची मूळ भाषा वाचू शकणारी बाई सबंध प्रांतात दुसरी मिळाली नसती. लेआबाईंच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी थोरल्या मुलीलाच इब्री भाषा शिकवली होती. अट एकच, शनिवारी त्या शाळेत येणार नाहीत. त्याच्या बदली शिवणाच्या सगळ्या वह्या तपासायच्या. शिवणातलं त्यांना काहीही कळत नव्हतं. सगळ्या मुलींना सारखेच गुण मिळत.

उंच, सडपातळ बांधा, नऊवारी लुगडं आणि पायात पुरुषी वाटावेत असे काळे बूट. खडू हाताला लागू नये म्हणून त्या त्याला कागद गुंडाळत. वर्गात कुणी काही आपल्या मनचं सांगू लागलं की टेबलावर बोट आपटून म्हणत, "लिहिलंय तेवढंच वाच." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मुली त्यांची नक्कल करीत तीही याच वाक्याने.

एकदा त्यांनी वर्गाला देवदूत काढायला सांगितला. चाळीसच्या चाळीस मुलींनी हॉलमधली बदकं काढली. लेआबाईंनी पाट्या पाहिल्या आणि अब्राहामाची गोष्ट सांगायला घेतली. भर दुपारी तो तंबूच्या दाराशी बसला आहे आणि तीन परके पुरुष, म्हणजे देवाचे दूतच, समोर येऊन उभे राहतात. तो त्यांना पाय धुवायला पाणी देतो, दही-दूध वाढतो, भाकरी वाढतो आणि ते झाडाखाली बसून पोटभर जेवतात. मग लेआबाईंनी विचारलं, "उडत आले असते तर पाय मळले कशाने?" पुढे याकोबाचं स्वप्न. जमिनीपासून आभाळापर्यंत शिडी लागली आहे आणि तिच्यावरून देवदूत चढताहेत, उतरताहेत. "पंख होते तर शिडी कशाला लागली?" काही दूतांना शास्त्रात पंख आहेत, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पण ते सिंहासनापाशी राहणारे, निरोप घेऊन माणसांच्या दारी येणारे नव्हेत. दारी येतो तो माणसासारखाच दिसतो, चालत येतो, दमलेला असतो आणि ज्याचं नाव सांगितलं असेल त्याच्याकडेच जातो. निरोप चांगला की वाईट, ते ठरवणं त्याच्या हाती नसतं.

हे ज्याचं नाव सांगितलं असेल त्याच्याकडेच जाणं पुढे आमच्या सगळ्यांच्या जिवावर आलं. लेआबाईंच्या मुलीला मी एकदा नावाने हाक मारली होती. त्या हाकेमुळेच आज इतक्या वर्षांनी मी हे लिहायला बसले आहे. पण त्याआधी सैतानाचं सांगायला हवं, कारण त्यावरून शाळेत मोठा गहजब झाला होता.

ईयोबाच्या गोष्टीत सैतान येतो. मुलींना वाटे की आता शिंगं येणार, शेपूट येणार. लेआबाई म्हणत, लिहिलंय तेवढंच वाचा. देवापुढे हजेरी द्यायला त्याचे दूत जमतात आणि त्यांच्यातच हाही येतो. देव विचारतो, कुठून आलास? पृथ्वीवर हिंडून फिरून आलो, म्हणतो. म्हणजे हा सरकारी वकील. माणसांवर शंका घ्यायची, आरोप ठेवायचा, हे त्याचं नेमून दिलेलं काम. ईयोबाच्या केसालाही तो परवानगीशिवाय हात लावू शकत नाही. परवानगी मिळते आणि मग गुरं जातात, नोकर जातात, वादळात घर कोसळून सात मुलगे आणि तीन मुली मरतात.

नवा करार शिकवणाऱ्या मार्थाबाई आमच्या वऱ्हाडाकडच्या. जाडजूड, मायाळू आणि भांडखोर. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आधीच त्या लेआबाईंच्या समोर येऊन बसल्या. सैतान म्हणजे देवाचा वैरी, गर्वाने पडलेला दूत, आणि ह्या बाई पोरींना काय शिकवून राहिल्या, असं त्यांचं म्हणणं. लेआबाईंनी विचारलं, कुठे लिहिलंय? मार्थाबाईही काही कच्च्या नव्हत्या. त्यांनी नव्या कराराचं शेवटचं पुस्तक उघडून बोट ठेवलं. स्वर्गात लढाई होते आणि तो जुनाट साप आपल्या दूतांसकट खाली टाकला जातो, ती जागा. लेआबाईंनी ती नीट वाचली आणि मान डोलावली. हे तुमच्या पुस्तकात आहे खरं, म्हणाल्या, माझ्या पुस्तकात नाही.

"मग तुमच्या पुस्तकात वाईट करते कोण?" मार्थाबाईंनी विचारलं.

"परवानगी देणारा," लेआबाई म्हणाल्या आणि चपातीचा तुकडा मोडला.

मार्थाबाईंनी कानांवर हात ठेवले. प्रकरण मिससाहेबांकडे गेलं. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं की पहिल्या सहामाहीत लेआबाईंचा सैतान शिकवायचा, दुसऱ्या सहामाहीत मार्थाबाईंचा. वार्षिक परीक्षेत एका मुलीने लिहिलं, "सैतान आधी सरकारी नोकरीत होता, नंतर बडतर्फ झाला." दोघींनीही तिला पैकीच्या पैकी गुण दिले. त्या एका उत्तराने दोघींची जी गट्टी जमली ती कायमची.

लेआबाई कमानिया गेटच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत. नवरा जिल्हा कचेरीत नाझराच्या हाताखाली कारकून होता. कोर्टाची समन्सं शिपायांच्या हाती देऊन घरोघर धाडायची, हे त्याचं काम. तो वारला त्याला चार वर्षं झाली होती. घरात सासू मिलकाआजी आणि आठ वर्षांची मुलगी एस्तेर. एस्तेर म्हणजे एस्तू. शाळेत, गल्लीत, आमच्या घरीसुद्धा ती एस्तूच होती. पुढचे दोन दात पडलेले, गुडघ्यांना कायम खरचटलेलं आणि तोंड एक क्षण बंद नाही. आजीची वेगळी कपबशी तिने एका दिवसात निकालात काढली. सरळ आजीच्याच पेल्यातून पाणी प्यायली आणि वर आजीला विचारलं, "काहून पाहून राहिली? तुला पण पायजे का?" आमची आजी हसली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचा, दिवा लागे. मी कधीमधी जात असे. प्रार्थनेहून परतणाऱ्या माणसाबरोबर दोन दूत घरी येतात, एक चांगला आणि एक वाईट, अशी त्यांच्यात समजूत आहे. घर झाडलेलं, दिवा लागलेला, ताट मांडलेलं दिसलं तर चांगला दूत म्हणतो, पुढचा शब्बाथही असाच होवो, आणि वाइटाला मनात नसताना 'आमेन' म्हणावं लागतं. एस्तूला त्या वाईट दूताची फार दया येई. ती दोघांसाठी दोन पाट मांडी आणि वाइटाचा पाट दिव्याच्या जवळ सरकवी. बिचारा नेहमी हरतो, म्हणे. हे कुठे लिहिलंय, म्हणून मी लेआबाईंना चिडवलं. त्या म्हणाल्या, "शास्त्रात नाही. जुन्या लोकांनी सांगितलंय. शुक्रवारी तेवढं चालतं." हे बोलताना त्या मुलीकडे अशा काही बघत होत्या की मीच नजर दुसरीकडे वळवली.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता शहरात मुदतीच्या तापाची साथ आली. दर घरात कुणी ना कुणी अंथरुणाला खिळलेलं. एस्तूला ताप भरला आणि उतरेना. सिव्हिल सर्जन येऊन गेले. पोटात अन्न द्यायचं नाही, डोक्यावर पट्ट्या ठेवायच्या आणि मुदत संपायची वाट बघायची, यापलीकडे तेव्हा कुणाच्याच हाती काही नव्हतं. दोन आठवडे झाले तशी मुलगी गादीला चिकटली. तेव्हा मिलकाआजींनी नाव बदलायचं काढलं.

ही यहुदी लोकांची फार जुनी रीत. माणूस मरणाच्या दारी असला की त्याचं नाव बदलतात. मरणाचा दूत हुकूम घेऊन येतो तो नावानिशी, आणि त्या नावाचं माणूस घरात नसेल तर हुकूम लागू होत नाही. मिलकाआजींनी मला समजावलं ते त्यांच्या मुलाच्या नोकरीवरून. माझा लेक जन्मभर समन्स धाडत होता, त्या म्हणाल्या. नाव जुळलं नाही की शिपाई कागदावर शेरा मारतो, इसम आढळला नाही, आणि परत जातो. त्यासाठी दहा पुरुषांनी मिळून प्रार्थना करावी लागते. जबलपुरात कारखान्यातले आणि रेल्वेतले धरून सात निघाले. दोघे कटनीहून आले, एक इटारसीहून ड्यूटी बदलून आला. दहा जणांनी त्या लहानशा खोलीत दाटीवाटीने उभं राहून प्रार्थना म्हटली आणि एस्तेरची हाय्या झाली. हाय्या म्हणजे जिवंत असलेली.

दारातच मिलकाआजी बसून राहत. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, आता तिला हाय्या म्हणा, जुनं नाव ओठांवर आणू नका. मार्थाबाई आल्या, त्यांनाही सांगितलं. मार्थाबाई दारात थबकल्या, आणि मग सरळ आत जाऊन "हाय्या बाळ" म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी लेआबाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं की तुमचा यावर विश्वास आहे का. त्या बराच वेळ पट्टी पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहिलेलं नाही कुठे." आणि आत जाऊन त्यांनी हाक मारली, "हाय्या, पाणी घेतेस?"

सहाव्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी गेले. माझ्या आजीने जवाचं पाणी करून दिलं होतं. पितळी झाकणाच्या डब्यात. मिलकाआजींनी नेहमीप्रमाणे सांगितलं आणि मी नेहमीप्रमाणे मान हलवली. आत लेआबाई खाटेशी बसल्या होत्या. मुलगी डोळे मिटून पडली होती. मी खाली वाकले तशी तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं, अगदी शुद्धीवर येऊन, आमच्या स्वयंपाकघरात येऊन बघायची तसं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय म्हणते आमची एस्तू?"

ती हसली. पडलेल्या दातांची फट दिसली.

लेआबाई ताडकन उठल्या. मला वाटलं, आता माझ्या थोबाडीत बसणार. पण त्या माझ्याकडे वळल्याच नाहीत. त्या दाराकडे वळल्या. दारात कुणी नव्हतं. नुसतं ऊन पडलं होतं. त्या रिकाम्या दाराला, वर्गात शिकवतात तशा खड्या आवाजात, त्या म्हणाल्या, "ही हाय्या आहे. हाय्या. इथे दुसरी कुणी मुलगी राहत नाही."

बदकांना हसणारी, लिहिलंय तेवढंच वाच म्हणणारी ही बाई. मी तो डबा तिथेच ठेवला आणि बाहेर पडले. टांगा मिळत असूनही घरापर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी गेली.

मी कुणाला काही बोलले नाही. घरीसुद्धा नाही. शिकलेली बाई मी, गणित शिकवणारी. तापाने मुलगी गेली हे मला कळत होतं. कळून काय उपयोग? रात्रंदिवस तो हसरा चेहरा माझ्यासमोर येई आणि वाटे, मी पत्ता सांगितला. लेआबाईंनी मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. सुतकाचे सात दिवस त्या जमिनीवर बसून होत्या. मी रोज जाऊन शेजारी बसायची आणि रोज कबूल करायचं ठरवून तशीच परत यायची.

त्या सात दिवसांतच मार्थाबाई आल्या होत्या. त्यांनी लेआबाईंना पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, रडू नका, लेकरू देवाघरी देवदूत झालं. चांगल्या मनाने म्हणाल्या. लेआबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला आणि शांतपणे सांगितलं की आमच्यात माणसं मेल्यावर देवदूत होत नाहीत. देवदूताला आई नसते, मार्था. मला आईवाली मुलगी हवी होती. मग म्हणाल्या, "तुमचा सैतान मला द्याल का? तुम्हाला शिव्या घालायला कुणीतरी आहे. माझ्याकडे देव एकटाच आहे, आणि दिवा लावायचा तोही त्याच्याचसाठी."

मार्थाबाई शेजारीच बसल्या. संध्याकाळी उठून त्यांनीच मिलकाआजींना भात भरवला.

लेआबाई शाळेत परत आल्या. बूट तेच, खडूला कागद तसाच. हॉलमधल्या चित्राकडे मात्र त्यांनी बघणं सोडलं. मी मागे उभी राहून रोज वाट बघे, तो शब्द पुन्हा कधी ऐकू आला नाही. पुढच्या वर्षी ईयोबाचा धडा आला. माझा वर्ग शेजारी होता, मधे नुसती लाकडी जाळी, त्यामुळे सगळं ऐकू येई. त्यांनी गोष्ट शेवटपर्यंत नेली. ईयोब टिकला, देवाने त्याला गुरंढोरं दुपटीने परत दिली आणि पुन्हा सात मुलगे, तीन मुली दिल्या. त्या तीन मुलींची नावं शास्त्रात आहेत. लेआबाईंनी ती फळ्यावर लिहिली. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारलं की बाई, आधीच्या तिघींची नावं काय होती?

लेआबाई म्हणाल्या, "लिहिलेली नाहीत." खडू खाली ठेवल्याचा आवाज आला आणि त्या वर्गाबाहेर गेल्या. मी माझ्या मुलींना वजाबाकी घालून त्यांच्यामागे गेले. त्या विहिरीपाशी उभ्या होत्या, रहाटाला धरून. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "सुमती, दुसरी दहा देऊन पहिली दहा भरून निघतात, असं लिहिणाऱ्याला मुलं नसणार." तो धडा त्यांनी नंतर कधीच घेतला नाही. मिससाहेबांनी कारण विचारलं नाही आणि मार्थाबाई तो दरवर्षी मुकाट्याने घेत राहिल्या.

जबलपुरात यहुद्यांचं वेगळं दफनस्थान नव्हतं. छावणीच्या कबरस्तानात एका कोपऱ्यात त्यांच्या आठ-दहा कबरी होत्या. एस्तूची तिथेच, बापाच्या शेजारी. दगडावर नाव कोणतं घालायचं यावरून घरात बोलणं निघालं. मिलकाआजी म्हणाल्या हाय्या, कारण प्रार्थनेने दिलेलं नाव तेच. इटारसीचे गृहस्थ म्हणाले, नाव बदलून महिनासुद्धा झाला नव्हता, तेव्हा जुनंच धरावं. दोघांनी लेआबाईंकडे पाहिलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. पाथरवट खोळंबला होता. शेवटी त्याने 'झिराडकर यांची कन्या' एवढीच अक्षरं कोरली, आणि नावाची जागा कोरीच सोडून दिली.

अशी चौदा वर्षं गेली. मिलकाआजी गेल्या. माझं लग्न झालं, दोन मुलं झाली. लेआबाईंनी दोघांना अंगाखांद्यावर खेळवलं, पण नावाने म्हणून कधी हाक मारली नाही. ये रे, जा रे, सोन्या, राजा, एवढंच. माझ्या ते लक्षात यायला फार उशीर लागला. शाळेतल्या मुलींनाही त्या पुढे पुढे हजेरीच्या आकड्यानेच बोलवू लागल्या होत्या. मुलींना वाटे, बाई म्हाताऱ्या झाल्या, नावं विसरतात.

मग त्यांनी नोकरी सोडली. धाकटी बहीण ठाण्याला होती, तिच्याकडे राहायचं ठरलं. एक ट्रंक, एक वळकटी आणि पुस्तकांचं एक गाठोडं. मी स्टेशनवर पोचवायला गेले. मुंबईची गाडी अकराच्या सुमाराला होती, पण लेआबाईंनी टांगा नवालाच बोलावला होता. टांगा निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, आधी छावणीकडून घे. मला कळलं, कुठे जायचं ते. आणि मला हेही कळलं की आता बोलले नाही तर जन्मात बोलणार नाही.

मी म्हटलं, "लेआबाई, त्या दिवशी मी तिला नावाने हाक मारली."

"मारलीस," त्या म्हणाल्या. त्यांना कोणता दिवस, असं विचारावं लागलं नाही.

मी बरंच काही बोलले. तोंडाला येईल ते. चौदा वर्षांचं साचलेलं. क्षमा करा म्हणाले. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. टांगा चढावर हळू चालला होता. मग त्यांनी रस्त्याकडे बघतच सांगायला सुरुवात केली.

"मी हाय्या म्हटलं की ती काय करायची ठाऊक आहे तुला? मान वळवून मागे बघायची. दुसरी कोण मुलगी आलीय म्हणून. सहा दिवस. मी तिच्या कपाळावर हात ठेवून दुसऱ्याच कुणाला तरी हाका मारत होते, आणि ती बघत होती, आई कुणाला बोलावतेय. एकदा मला म्हणाली, आई, मी कुठे गेले? तरी मी नाव घेतलं नाही. मला वाटलं, तो दारात उभा आहे." त्यांचा आवाज कापरा झाला नाही. नुसता खाली गेला. "तू नाव घेतलंस तेव्हा ती हसली. मी तुझ्यावर चिडले होते, नाही म्हणत नाही. खूप वर्षं चिडले होते. पण जाताना तिला एक तरी हाक मिळाली, सुमती. ती हाक माझी नव्हती, एवढंच."

मी त्यांचा हात धरला. माझी चौदा वर्षांची भीती त्यांनी एका वाक्यात काढून घेतली होती, आणि स्वतःकडे काय राहिलं होतं ते मला त्या क्षणी दिसलं. त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

कबरस्तानाच्या फाटकाशी टांगा थांबला. तू इथेच थांब, त्या म्हणाल्या. मी टांगेवाल्याजवळ उभी राहिले. पंचविशीचा, नव्यानेच टांगा घेतलेला मुलगा होता तो. त्या वाळक्या गवतातून पाय टाकत कोपऱ्यापर्यंत गेल्या. भिंतीआडून त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं. आधी त्या पुटपुटत होत्या, प्रार्थना असावी. मग गप्प झाल्या. इतका वेळ काही ऐकू येईना की मी पाऊल उचललं.

आणि मग त्यांनी हाक मारली. "एस्तू!" मोठ्याने, गल्लीच्या टोकाशी खेळणाऱ्या मुलीला जेवायला बोलवावं तशी. थोडं थांबून पुन्हा, "एस्तू, अगं एस्तू!" आणि पुन्हा थांबल्या. ओ येण्याइतका वेळ दर हाकेनंतर त्या थांबत होत्या. चिंचेवरचे पोपट उडाले. मी फाटकाचा गज धरून उभी होते आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं.

टांगेवाला खाली उतरला. टाचा उंचावून त्याने भिंतीपलीकडे बघितलं आणि मला विचारलं, "बाईजी, अंदर कोई बच्ची रह गई क्या?"

मी हो म्हणाले.

त्याने लगाम खांबाला अडकवला आणि घोड्यापुढे गवताची पेंडी टाकली. "बुला लेने दीजिए," तो म्हणाला, "गाडी को अभी टाइम है."